एक सांधा

पालथी पडली होती ती बाभळीखाली,
अकरा वर्षं.
कोंबड्यांनी तिच्या पोटाखाली अंडी घातली,
बायकोनं तिच्या बुडावर शेणी वाळवल्या,
मायणीचा तलाव मधे दोनदा आटून भरला.
तिला कुणी विचारलं नाही.

मग अश्विनात आले विक्रांतराव,
इनामदारांचे नातू, पुण्याचे.
गाडीतून न उतरताच म्हणाले,
"भोई, आजोबांची ती होडी नीट होईल का?
बदकं उतरतील आता. एकच पहाट.
कुणाला कळतंय?"
आणि पाचशेच्या नोटा, मोजून वीस.

आजोबांची.
होडी आमची होती. माशांची.
बंदूक तेवढी त्यांची.

पैसे घेतले मी.
दाढ ठणकत होती,
आणि वडूजचा डॉक्टर उधार बघत नाही.

कलेढोणहून गेनबा सुताराला आणलं.
त्यानं बोटाच्या पेरानं एकेक फळी वाजवली,
वैद्यानं छाती वाजवावी तशी.
"दोन मेल्यात. बाकीच्या झोपल्यात."
मेलेल्या काढल्या, आंब्याच्या घातल्या,
सांध्यांत काथ्या ठोकला, राळ आणि करंजेल
गुळाच्या जुन्या कढईत उकळलं.
गल्लीतली कुत्री दिवसभर शिंकत होती.

उजव्या कडेचं डांबर खरवडताना
पटाशीला काहीतरी अडलं.
"खिळा नव्हं ह्यो," गेनबा म्हणाला.
शिसं. ज्वारीच्या दाण्याएवढं.
मग आणखी एक. मग एकूण सात.
सगळे आतल्या बाजूनं घुसलेले.

तात्यांच्या मांडीवर काळे ठिपके होते,
तीळ उधळल्यासारखे.
लहानपणी विचारलं तर म्हणायचे,
"माशाचा काटा लागला."
थंडीत ते मांडी चोळत बसायचे
आणि दर दिवाळीला इनामदारांकडून
एक धोतरजोडी यायची.
ती का यायची
ते मला त्या दिवशी पटाशीनं सांगितलं.

मी काही साधू नाही.
बदक मीही खाल्लंय, झणझणीत, भाकरीबरोबर,
जाळ्यात पाय अडकलेलं, तात्यांनी आणलेलं.
खोटं कशाला बोलू, चव अजून जिभेवर आहे.

कार्तिक लागला.
हळदी-कुंकू बदकं तर इथलीच, बारमाही;
आता थापटे आले, तलवार बदकं आली,
पलीकडच्या काठाला चक्रवाकांची केशरी जोडी.
कुठून येतात म्हणून विचारलं
की तात्या हात वर करून म्हणायचे, "तिकडनं."
एवढ्यावर त्यांचं भागायचं.

गेनबा शेवटच्या सांध्याशी आला.
बुडाचा, मागच्या पाटाखालचा,
जिथं बंदूकवाला बसतो.
काथ्या हातात होता. पुरेसा होता.
मी सातही दाणे त्याच्या तळहातावर ठेवले.
"हे भर," म्हणालो, "वरनं नुसतं डांबर."
तो काही बोलला नाही.
तंबाखू मळली, दोघांपुरती.

पहाटे धुकं होतं.
काठापासून साठेक हात गेलो असू,
पाणी आधी त्यांच्या बुटांना लागलं,
मग बंदुकीच्या खोळीला.
"भोई, पाणी येतंय!"
"जुनं लाकूड हाय, मालक.
लई उन्हाळं सोसल्यात तिनं."
तिथं कमरेएवढंच पाणी.
मला ठाऊक, त्यांना नाही.
बंदूक डोक्यावर धरून ते उभे राहिले
आणि असे ओरडले, असे ओरडले
की सगळा तलाव पंखांनी फाटला.
मी वल्हं छातीशी धरून बघत राहिलो.
चक्रवाक तेवढे शेवटी उठले, सावकाश.

दुपारी ओढून काढली तिला.
उरलेले पैसे परत द्यायला गेलो, त्यांनी घेतले नाहीत.
गेनबा म्हणतो, आण, भरून देतो तो सांधा.
बघू म्हणतो मी.

मासे धरायला जातो तेव्हा
त्या जागेवर टाच दाबून बसतो.
थोडं पाणी येतंच.
टाच गार राहते.