ओरखडा

मुलीनं ओउलूहून पाठवलेली डबी काडेपेटीएवढी,
तिच्या शेपटीला एक ड्राइव्ह,
आणि त्यात 'कोल्मास सिल्ता'चे अकराच्या अकरा अल्बम.
चोवीस बिट, शहाण्णव किलोहर्ट्झ, तिनं फोनवर समजावलं,
काही म्हणजे काही गाळलेलं नाही, आई,
टेपवर होतं तसंच्या तसं.
मी म्हटलं, तुझ्या बापाचे कानच गाळणी झालेत, त्याचं काय?

अडतीस वर्षं ताइस्तो कागदाच्या मशीनशेजारी उभा होता.
आमच्या वाल्केआकोस्कीत त्याच्या वयाचे पुरुष
एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात.
त्याचे आधी पक्षी गेले,
मग स गेला, मग त,
मग किटलीची शिट्टी.
आता कॉफी उतू गेली की वासावरून उठतो.

मला हा बँड कधीच आवडला नाही.
चार दाढ्या, आणि ओलं लाकूड चिरल्यासारखी गिटार.
पण आज हात पुसत दारात आले ती तिथंच थबकले.
बासवाल्याच्या बोटातली अंगठी तारेला लागते आहे.
झांजेवर काठी पडायच्या आधी
कुणाची तरी बाही सळसळते.
संथ गाण्यात, खूप मागे, एक दार लोटलं जातं
आणि पावलं जिना उतरून निघून जातात.
चाळीस वर्षं हे सगळे या घरात राहत होते
आणि मी त्यांना गोंगाट म्हणत होते.

मी त्याला सांगत राहिले: अंगठी. बाही. जिना.
तो मान डोलवत राहिला.
तो ऐकत नव्हता, त्याला पाठ होतं.
गुडघ्यावर बोटं वाजत होती,
आणि बोटं कुठंही चुकत नव्हती.

चौथा अल्बम. दुसरी बाजू, तिसरं गाणं.
(आता बाजू नसते, पण आमच्या घरात असते.)
एका जागी बोटांनी उडी मारली.
बँड मागे राहिला, ताइस्तो एक मात्रा पुढे गेला,
आणि गोंधळून माझ्याकडे बघू लागला.

ती उडी माझी आहे.
एकोणऐंशीचा मार्च. पोर तापानं फणफणलेलं,
हा रात्रपाळीवरून येऊन झोपण्याआधी एक बाजू ऐकणार म्हणजे ऐकणारच.
तो बूट काढायला वळला, आणि मी सुई उचलली.
उचलली कसली, ओढली.
दुसऱ्या आठवड्यात त्याला ओरखडा दिसला.
आदल्या रविवारी त्याचा भाऊ ओन्नी आला होता.
ओन्नीला विचारलं तेव्हा तो हसला,
माझ्याकडे एकदा बघितलं,
आणि म्हणाला, असेल बाबा, माझाच हात लागला असेल.
त्यानंतर ताइस्तोनं त्याला एकही रेकॉर्ड दिली नाही.
ओन्नी जाऊन नऊ वर्षं झाली.

"तिथं काय आहे?" त्यानं विचारलं. "त्या जागी. शब्द आहेत?"
मी गाणं मागे नेलं. कानात प्राण आणून ऐकलं.
इतकी वर्षं मला वाटायचं, मी एक अख्खी ओळ मारली.
"शब्द नाहीत," मी म्हटलं.
"गाणारा श्वास घेतो. आणि खुर्ची करकरते."
"बस?"
"बस, एवढंच."

मग मी त्याच्या कानाशी वाकले.
कुजबुजून सांगायची गोष्ट होती,
पण आमच्या घरात कुजबुज पोचत नाही.
म्हणून मी ओरडले: "ती सुई मी ओढली होती! ओन्नी नव्हे, मी!"
शेजारच्या हिल्क्कानं खिडकीचा पडदा सारला.
माझ्याच आवाजाचा घोगरा काठ
मला पहिल्यांदा इतका स्वच्छ ऐकू आला.

ताइस्तो बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिला.
ओठ केव्हाच थांबले होते.
मग म्हणाला, "पुन्हा लाव."
काय पुन्हा, ते मी विचारलं नाही.
गाणं लावलं.
ती जागा आली.
श्वास आला, खुर्ची आली,
आणि त्याची बोटं
उडी मारून पलीकडे गेली, जशी नेहमी जातात.