अडकलेली कळ

कंपनीच्या कचेरीत टाइपरायटर एकच,
आणि त्याची जी अक्षराची कळ अडकायची.
दमट हवा, त्यात तांबडी धूळ.
दाबली की खालीच बसून राहायची, आडमुठ्या गाढवासारखी,
नखाने उचकटून वर काढावी लागे.

आमच्या पोर्तुगीजमध्ये युद्ध त्याच अक्षराने सुरू होतं.
कॅप्टन म्हणाले, काळजी करू नकोस बेल्मिरो,
तो शब्द तुला लागणारच नाही.

नाहीच लागला.
सतरा महिने मी लिहीत होतो
गस्त, बंदोबस्त, सुव्यवस्था.
झोपड्या जाळल्या त्या दिवशी
'परिसर मोकळा करण्यात आला.'
करण्यात आला.
कोणी केला, हे त्या क्रियापदाला
आजवर कोणी विचारलेलं नाही.

गिनीही त्याच अक्षराची,
पण तिच्यासाठी मी नख झिजवायचो,
कारण ती वसाहत नव्हती, आपलाच प्रांत होता.
लिस्बनहून पत्रकं यायची:
पाच शतकं आपण इथे आहोत.
तुझं डोंगरातलं गाव जसं, तसंच हे.
मला आमचं गाव आठवायचं, गोठलेला हौद,
एकच दिवा असलेली शाळा,
आणि आजीच्या जन्मापासून दोनदा आलेला डॉक्टर.
तेवढ्यापुरतं पत्रक खरं होतं.

एकदा केबा आला, म्हातारा,
भाताचं पोतं नदीपार न्यायचा परवाना मागायला.
फॉर्मवर छापलेलं: रहिवाशांच्या संरक्षणार्थ.
दुभाष्याने वाचून दाखवलं.
म्हातारा म्हणाला, कोणापासून?
माझा थोरला रानात आहे, त्यांच्यात.
पुतण्या तुमच्या फाटकावर उभा आहे, तुमच्या टोपीत.
मग मला कोणापासून वाचवताय?
दुभाषा माझ्याकडे बघायला लागला.
फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.
मी शिक्का मारला. शाई फिकी उमटली, म्हणून पुन्हा मारला.

अदेरितो गेला तो मे महिन्यात.
आमच्या शेजारच्याच गावचा. सुरुंग.
ट्रक लुसीनियो चालवत होता, तोही तिकडचाच,
त्याचा डावा पाय गेला.
आईला पाठवायच्या पत्रात मी सुरुंग लिहिला.
कॅप्टनच्या लाल पेन्सिलीने तो खोडून परत आला.
वर लिहिलं होतं: वाहन अपघात.
कॅप्टन वाईट माणूस नव्हता.
म्हणाला, आईला तेवढाच दिलासा.
मीही तसंच समजून घेतलं,
आणि नवा कागद चढवला.
या खेपेला एकही कळ अडकली नाही.

परत आलो तेव्हा चेस्टनट पडायला लागले होते.
झुल्मिराबाई अंगणात काटेरी टरफलं
बुटाच्या टाचेने फोडत होत्या.
बस म्हणाल्या. काळा रुमाल, हात चिकाने काळे.
मग मान वर न करता म्हणाल्या,
प्यायला होता का रे तो?

कोण?

तो लंगडा. लुसीनियो.
दोन वर्षं मी त्याच्या आईशी बोललेली नाही.
चर्चमध्ये ती येऊन बसली की मी बाक बदलते.
गाडी नीट चालवता येत नाही
तर हातात घ्यायची कशाला?

म्हणजे माझा एक शब्द
बोटीने, मग आगगाडीने, मग पोस्टमनच्या खेचरावरून
इथवर आला होता,
आणि दोन घरांच्या मधोमध बसला होता.

तोंड उघडलं.
जीभ खालीच बसून राहिली.
उचकटून काढावी लागली.

अपघात नव्हता, मी म्हणालो.
युद्ध होतं, आणि सुरुंग होता.
पत्र मी टाइप केलं.

त्यांनी टाच उचलली ती खाली ठेवलीच नाही.
बराच वेळ.
आत चुलीवर काहीतरी उतू गेलं, वास आला.

मग म्हणाल्या,
हे मला कशाला सांगतोस?
तिच्याकडे जा. हौदापलीकडचं दुसरं दार.
जा, आणि थांब,
मी पण येते, रुमाल बदलून.