बादल्या रिकाम्या होत्या

संग्रहालयाच्या दुसऱ्या खोलीत, खिडकीच्या डाव्या हाताला
आमचं गाव टांगलेलं आहे.
दीड हात उंच, अडीच हात रुंद.
दर सोमवारी मी त्याच्या चौकटीवरची धूळ पुसते.

लोक येतात, डोंगराकडे बघतात,
"उजेड काय पकडलाय!" म्हणतात
आणि पुढच्या खोलीत जातात. तिथे गालिचे आहेत.
डोंगराचं मला विशेष काही नाही.
तो अजून तिथंच आहे, बसने चाळीस मिनिटांवर.

मी बघते खालचा कोपरा:
गोवऱ्यांची रास, वर वर निमुळती होत गेलेली,
प्रत्येकीवर पाच बोटं.
प्रदर्शनाआधी येरेवानहून कुणी साहेब आला होता म्हणे,
म्हणाला, शेण कशाला, ट्रॅक्टर काढा.
चित्रकार येघिशे, तोंडात सदा जर्दाळूची बी घोळवणारा,
म्हणाला, हिवाळ्यात ट्रॅक्टर जळत नाही.
तर ट्रॅक्टर नाही. गोवऱ्या आहेत.
सर्वांत वरची माझ्या आत्याची; अंगठा आखूड आहे.

तिसऱ्या छपरातून धूर निघतोय, बुटका, पूर्वेला कललेला.
म्हणजे दुपार टळलीय, तोनीर तापलाय
आणि शुशानिक काकू आत वाकून
भट्टीच्या भिंतीला लवाश थापतेय.
काकू चित्रात नाही.
धुराच्या रंगावरून कळतं.
कुत्राही नाही. तो बांधून ठेवायला लावला होता.

आणि वाटेच्या मधोमध, निळा रुमाल बांधलेली,
दोन हातांत दोन बादल्या घेऊन
आपल्याकडे चालत येणारी, ती माझी आई.

मरेपर्यंत चिडून होती ती त्या चित्रावर.
"तीन दिवस उभी केली मला उन्हात.
हात भरून येतील म्हणून बादल्या रिकाम्याच दिल्या होत्या.
मग खांदे असे का ओढलेत? मान का खाली?
खोटारडा मेला."

एकदा तिला घेऊन आले इथे.
काठी टेकत ती जवळ गेली,
इतकी, की चष्मा रंगाला लागावा.
राखणदार मीच; हटकलं नाही.
टाचा उंचावून, खरंच सांगते,
तिनं बादलीत डोकावून बघितलं.

त्रेचाळीस साल होतं ते.
पोस्टमन खचिक गाढवावरून यायचा
आणि त्याला लांबून पाहिलं की बायका
काहीतरी राहिल्यासारखं करून घरात जायच्या.

गाढव आहे चित्रात.
आईच्या पाठीमागे, पार तिकडे, पुलाजवळ,
कुंचल्याचे तीन फटकारे,
इतकं बारीक, की याच खुर्चीवर बसून
मला बावीस वर्षं लागली ते दिसायला.
तोवर आई नव्हती.

आजही कुणीतरी येऊन उभं राहिलं,
डोंगर बघितला,
मग माझ्याकडे वळून विचारलं:
"बाई, गालिचे कुठे?"
पुढच्या खोलीत, मी म्हटलं.
पायरी आहे, जपून.