तूट

जानेवारीत, यॉर्कटनला, उणे एकतीस असताना
कुणी हौसेने नाणी विकायला बाहेर पडत नाही.
दाराची घंटा वाजली तेव्हाच ओळखलं:
कुणीतरी गेलंय, आणि घर रिकामं करायचंय.

पेटीही पाहताक्षणी ओळखली.
या प्रांतात दर तिसऱ्या घरात निघते.
मॉन्ट्रियल, शहात्तर. अठ्ठावीस नाणी, सगळी चांदीची,
पाच डॉलरची चौदा, दहाची चौदा;
दहाचं ठेवलं की तळहाताला दुसरं काही धरवत नाही.
लोकांनी तेव्हा पोटाला चिमटा काढून
एकेक करत घेतली,
नातवंडं श्रीमंत होतील म्हणून.
नातवंडं येतात. मी वजन करतो.
इतक्या जणांनी इतकी जपून ठेवली
की जपण्याला किंमतच उरली नाही.
हे वाक्य मी हळू आवाजात म्हणायला शिकलोय.

बाई साठीच्या पुढची, खांद्यांत रुंद.
ओरिसिया हुमेन्यूक. वडील वासिल,
धान्याच्या एलिव्हेटरवर काट्याचा माणूस, चौतीस वर्षं.
मला आठवले. इथे सगळ्यांनाच आठवतात.
ट्रक आला की आधी भरलेला तोलायचा, मग रिकामा,
आणि मधल्या फरकापुढे कुणाचं काही चालायचं नाही.
मापात पाप नाही.
सख्ख्या मेव्हण्याचा गहू मूठभरही जास्त धरला नाही,
मेव्हणा अकरा वर्षं बोलत नव्हता.

मखमलीच्या खळग्यांत सत्तावीस, कोरी करकरीत.
अठ्ठाविसावं तिने कोटाच्या खिशातून काढलं.
"हे त्यांच्या पँटमध्ये होतं. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. गुळगुळीत होतं.
राणीचं नाक गेलेलं, केसही गेलेले,
दुसऱ्या बाजूला कुणीतरी होतं, इतकंच कळत होतं,
भिंतीवरची तसबीर काढल्यावर मागे डाग उरतो तसं.
संग्राहक नाणं कडेने धरतात,
श्वाससुद्धा लागू देत नाहीत.
या माणसाने पन्नास वर्षं अंगठा घासला होता,
मधोमध, एकाच जागी.

मी यादी काढली. पेटीशी ताडून पाहिली.
सायकल, शिडाची बोट, अडथळ्यांची शर्यत, सगळे जागेवर.
"गोळाफेक," मी म्हणालो. "बायकांची. पंच्याहत्तर सालचं."

ती काही बोलली नाही. हीटर घरघरत होता.
मग म्हणाली, "नववीत मी गोळा फेकायचे.
जिल्ह्यात दुसरी आले होते.
ते एकदाही आले नाहीत बघायला.
शनिवारी वॅगनी भरायच्या असायच्या."

मी नाणं काट्यावर ठेवलं. हातांना दुसरं काही सुचेना.
भरायला हवं अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा.
भरलं सत्तेचाळीस पूर्णांक नऊ.
उरलेली चांदी कुठे गेली असेल?
खिशाच्या अस्तरात. नखांत.
गव्हाच्या धुळीत, आणि मग गव्हाबरोबर वॅगनीतून
बंदरापर्यंत, पुढे कुणाच्या तरी पावात.

"पूर्ण धरतो," मी म्हणालो.
"आहे तेवढंच लिहा."
आवाज अगदी त्यांचाच, काट्यामागचा.

लिहिलं. मग तिने ते उचललं,
उजव्या हातमोज्यात सरकवलं, म्हणाली,
"आता हे खोडा."
खोडलं. सत्तावीस. मी हिशेब करेपर्यंत
ट्रक गरम करून येते म्हणाली.

खिडकीच्या काचेवर बर्फ धरलेलं, एक कोपरा तेवढा मोकळा.
बाईने ट्रकचं दार उघडलं, इंजिन चालू केलं, पुन्हा लावलं.
बाहेर चिटपाखरू नव्हतं.
जाड बुटांत तिने पाय रोवले,
उजवी मूठ मानेशी नेली, हनुवटीखाली,
गुडघा वाकवून अर्धी वळली,
आणि तिथेच थांबली. फेकलं नाही.
मग कुणी पाहिलं का म्हणून दुकानाकडे पाहिलं.

मी बिलात डोकं घातलं होतं.
बेरीज तीनदा चुकली.