डोंगराखालचा श्वास

कागदावर लिहिलं होतं :
भूमिका – ड्रॅगन. संवाद – पुढे येतील.
मी हिरोसाकीला फोन केला.
आईनं बागेत हाक मारली, बाबा शिडीवरून उतरले.
कोवळ्या सफरचंदांना कागदी पिशव्या बांधायचे दिवस होते ते.
"ड्रॅगन म्हणजे मोठंच काम," बाबा म्हणाले,
आणि पुन्हा शिडी चढले.

पहिल्या भागात मी श्वास घेतला.
एक आत, एक बाहेर.
काचेपलीकडून कुरेबायाशीसान म्हणाले,
छान, पण अजून खोल.
तुझ्या छातीवर अख्खा डोंगर आहे.

दुसऱ्या भागात डोंगराला तडा गेला, केसाएवढा.
तिसऱ्यात त्यातून धूर.
चौथ्यात एक आंधळी म्हातारी म्हणाली,
तो जागा होईल तेव्हा मीठसुद्धा प्रार्थना करील.
हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.
मीठ कशी प्रार्थना करील, यावर बसमध्ये विचारही केला.
पाचव्यात घोड्यांवर खोगिरं चढली.
सहाव्यात उतरली,
कारण राजपुत्राला आधी बालपण आठवायचं होतं.
सातव्यात, आठव्यातही तो आठवतच होता.
मी खाली श्वास घेत होतो.

गर्जना मात्र तयार होती.
आराकावा नदीवर रेल्वेचा पूल आहे,
त्याच्याखाली उभा राहून वाट पाहायचो,
वरून गाडी धडधडत गेली की तेवढ्यात गर्जून घ्यायचो.
दर सात मिनिटांनी एक.
खिशात आल्याच्या वड्या, गळ्याला मफलर.
एकदा एका बगळ्यानं मान वळवून पाहिलं.
माझा तेवढाच प्रेक्षक.

अकराव्या भागात डोळा उघडला.
पिवळा, तळ्याएवढा.
त्या एका पापणीवर तिघीजणी दोन आठवडे राबल्या होत्या.
पापणी मिटली.
भाग संपला.

बाराव्याची संहिता हातात आली तेव्हा इतकी हलकी लागली
की मी पानं मोजली.
टेकडीवर सगळे उभे. वारा. झेंडे.
राजपुत्र म्हणतो, खरा प्रवास तर आता सुरू होतोय.
माझ्या नावापुढे – श्वास.
तोही वाऱ्यात मिसळलेला.

लोक डोंगर पोखरून निदान उंदीर तरी काढतात.
आम्ही बारा आठवडे पोखरला
आणि उंदीर आहे, एवढी चाहूल देऊन घरी गेलो.
गर्जेल तो पडेल काय, म्हणतात.
आमच्या ढगाला गर्जायचंही सुचलं नाही.

कुरेबायाशीसान कमरेत वाकून म्हणाले,
दुसरा सीझन आला तर.
त्या 'तर'ला पाठ टेकून मी वर्ष काढलं.
मग भाताच्या कुकरचा आवाज झालो.
"भात तयार आहे. कृपया हलवून घ्या."
हलकं काम म्हणा हवं तर,
पण मी बोलतो तेव्हा झाकणाखाली खरोखर भात असतो.

बाबांचा फोन त्याच रात्री आला होता, शेवटच्या भागानंतर, दोन वाजून गेल्यावर.
बाराही आठवडे ते गजर लावून उठले होते,
गरम टेबलाखाली पाय घालून,
आवाज वाढवून, आईची झोप मोडून.
बाहेर बर्फ पडतंय, म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही.
मी वाट पाहत होतो : आता विचारतील, तू बोललास कधी?

"तो ड्रॅगन," ते म्हणाले, "आजारी होता का रे?
नवव्या भागापासून श्वास डावीकडून अडकत होता.
मला वाटलं, गोष्टीत पुढे काहीतरी येणार त्याचं."

मी म्हटलं, नाही बाबा.
सर्दी झाली होती.

"मला," ते म्हणाले. "मला वाटलंच."
मागून आईचा आवाज आला :
त्याला विचारा, आता बरी आहे का.