बेचाळिसावी पायरी

वाल्पराईसोत पत्ता म्हणजे पायऱ्या.
एकतीस वर्षं मी टपाल वाटलं या टेकडीवर,
खाली समुद्र, वर दोऱ्यांवर लोकांचे कपडे;
दारांचे नंबर विसरले तरी चालायचं,
पायऱ्यांचे विसरून चालत नसे.
बेकरीचं वळण: बेचाळीस.
निळ्या पत्र्याचं घर: अठ्ठ्याऐंशी.
ओर्तेन्सियाचं दार: एकशे एकसष्ट,
आणि तिथे एक ग्लास पाणी, न मागता.

आता बेचाळिसावर मी बसते.

मार्चमध्ये रक्त तपासलं, आकडा आला,
आकड्यामागून गोळी आली,
पांढरी, लांबट, चव अशी काहीच नाही.
गोळी घेतली, आणि गोळे आले.
आधी पोटऱ्यांत, मग मांड्यांत.
पहाटे तीनला कुणीतरी पाय पिळतंय,
ओली चादर पिळावी तसा,
दोन्ही टोकं धरून.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही चौघं.
डॉन एलेउतेरिओ म्हणतो, माझे तर खांदे;
शर्ट चढवायला बायको लागते
आणि बायकोला जाऊन सहा वर्षं झाली.
निल्दा म्हणते, शब्द हरवतात.
परवा ‘चमचा’ सापडेना.
चमचा समोरच होता. सूप थंड झालं.
चौथा म्हणतो, मला काहीच होत नाही,
पण इतका ओशाळून,
जणू उपाशी लोकांत जेवून आलाय.

कुणी म्हणतं वय. कुणी म्हणतं धुकं.
मुलगी फोनवर म्हणाली,
आई, तू ते पत्रक वाचलंस म्हणून दुखतं.
असेलही.
घडी उलगडत गेले तर टेबलाएवढं झालं.
जन्मभर दुसऱ्यांची पत्रं न वाचता पोचवली,
हे एक माझ्यासाठी आलेलं,
तेही असं.

ऑगस्टात गोळी बंद केली. कुणाला बोलले नाही.
अकराव्या दिवशी मांड्या पुन्हा माझ्या झाल्या.
चढले.
बेचाळीस. अठ्ठ्याऐंशी. दम लागला,
पण तो नुसता दम होता, जुन्या ओळखीचा.
ओर्तेन्सियाने दार उघडलं, पाणी दिलं.
तिच्यामागे खुंटीवर नोल्बेर्तोचं जाकीट, अजून.
तो याच जिन्यावर गेला, पिशवी हातात,
संत्री घरंगळत राहिली खालपर्यंत,
मुलांनी गोळा करून आणून दिली, मोजून.
तिने विचारलं, गोळी घेतेस ना गं?
मी पाणी पीत राहिले.
एक ग्लास
किती वेळ पुरवता येतो.

डॉक्टरीण तरुण, दक्षिणेकडच्या सपाटीवरची,
आमच्या चढांनी अजून धापा टाकणारी.
एक ते दहात किती दुखतं? तिने विचारलं.
म्हटलं, बेचाळीस.
ती हसली नाही. तसंच लिहून घेतलं.
मग बंद केल्याचंही सांगितलं,
तेही लिहून घेतलं.
पुन्हा रक्त. मग दुसरी गोळी,
अर्धी, एक दिवसाआड.

माणसाने आपली पायरी ओळखून असावं, म्हणतात.
माझी रोज बदलते.
काल सत्त्याहत्तरावी होती.
तिथे टेकले, मांड्या चोळत;
निळा पत्रा दिसत होता, अकरा पायऱ्यांवर.
नवा पोस्टमन वर निघाला होता, कानात गाणी,
बसा बसा, उठू नका, म्हणत
मला ओलांडून गेला.
मी मागून ओरडले,
एकशे चारावी सैल आहे,
डावीकडून जा.