हातचा

दुलूथच्या बाहेर, गोठलेल्या तळ्याकाठी
दारं बनवणारा आमचा कारखाना.
एकोणचाळीस माणसं, दोन मोठ्या करवती,
आणि ऑफिसात मी, लॉर्ना टॉफ्टे.
पगार, टपाल, कॉफीचं मशीन
आणि जखमांचे कागद माझ्याकडे.

दर फेब्रुवारीत विमा कंपनी एक आकडा पाठवते.
त्या वर्षी आला एक पूर्णांक एकतीस.
म्हणजे आमच्यासारखंच लाकूड कापणाऱ्या दुसऱ्याला
जिथे शंभर डॉलर, तिथे आम्हाला एकशे एकतीस.
कोणाचं काय तुटलं, कोणाच्या पाठीत काय सरकलं,
तीन वर्षांचं सगळं कण्हणं
दशांशचिन्हापुढे दोन घरांत बसवलेलं.

शाळेत बाई सांगायच्या, खाली सात, हातचा एक.
तो एक ठेवायचा कुठे ते मला कळायचं नाही,
मी मुठीत धरून बसायचे.
आता कळत होतं.
वेंडेल स्कूगची करंगळी करवतीखाली गेली,
सात महिने तो घरी, आमच्यातल्या कोणीही फोन केला नाही,
आठव्या महिन्यात वकिलाचा आला.
ती करंगळी अजून चालत येत होती, बेरजेमागून बेरजेत.

अर्विड केस्किनेन, आमचे मालक, म्हणाले,
"लॉर्ना, एकाच्या खाली आण हा आकडा.
नाहीतर शाळांच्या दारांचं काम गेलंच समज."

मग मी शिकले.
जखम त्याच दिवशी कळवायची; शिळा दावा आंबतो.
डि मॉइनला बसणाऱ्या प्रुइटबाईंना दर महिन्याला विचारायचं,
ह्या फायलीसाठी अजून एवढी रक्कम का अडकवून ठेवलीय?
माणूस तर बरा झाला, बर्फात मासे धरायला जातो.
पाठ धरलेल्या मार्लिस ओकोनेकला
खुर्चीवर बसून बिजागऱ्या मोजायचं काम दिलं, पूर्ण पगारावर.
घरी बसली असती तर महाग पडली असती.
एकटीही पडली असती,
पण त्याला अर्जात रकाना नव्हता.

दर मंगळवारी फोन करायचे, पुस्तिकेत लिहिलं होतं म्हणून.
नंतर नंतर मंगळवार नसला तरी.

एक पूर्णांक बारा.
मग शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव!
अर्विडनी घड्याळाखाली फळा लावला: अपघाताविना दिवस.
दोनशे झाले तेव्हा सगळ्यांना जॅकेटं वाटली, निळी, खिशावर दार.
तीनशेला म्हणे प्रत्येकी शंभर डॉलर.

दोनशे चाळिसाव्या दिवशी
तोउ शियोंग डाव्या हाताने कॉफी ओतत होता.
"झोपेत आखडला."
बाही वर केली तर मनगट उकडलेल्या बटाट्यासारखं.
कधी?
तो फळ्याकडे बघत राहिला.
एकोणीस दिवस झाले होते.
"सगळ्यांचे पैसे गेले असते," म्हणाला.

मी फॉर्म काढला.
घटनेची तारीख. कळवल्याची तारीख.
मधल्या एकोणीस दिवसांचं कारण प्रुइटबाई विचारतील,
आणि कारण तर भिंतीवर टांगलेलं,
खडूने, माझ्याच अक्षरात.
त्या चौऱ्याण्णवात अजून किती मनगटं
गप्प बसली असतील, कोण जाणे.
अर्विड दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत.
मी ओल्या फडक्याने फळा पुसला,
आणि शून्य नाही लिहिलं, काहीच नाही लिहिलं.

दवाखाना बावीस मैलांवर.
निळ्या जॅकेटच्या बाहीत त्याचा हात जाईना,
तेव्हा खांद्यावरून टाकलं, चेन मी लावली.
गाडीत तो उजवा हात
डाव्या मुठीत धरून बसला.
काचेवरचं बर्फ खरवडायला वेळ लागला.
तोवर हीटर चालू ठेवला.